प्रवेश नाकारला गेला तर: यादी लागल्यापासून उच्च न्यायालयापर्यंत काय करायचं, कुठे आणि किती दिवसांत

"मॅडम, पोराचं नाव यादीत आहे, पण ओबीसीतनं ओपनमध्ये टाकलंय. आता काय करायचं?"

गेली बारा वर्षं दर पावसाळ्यात असे फोन येतात. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. माझ्याकडची बरीच मुलं घरातून पहिल्यांदाच इंजिनीअरिंग, फार्मसी, नर्सिंग किंवा लॉच्या दारापर्यंत पोहोचलेली असतात. अर्ज सायबर कॅफेत भरलेला असतो आणि दाखले सेतू केंद्रातून कसेबसे काढलेले असतात. नकार आला की अख्खं घर गप्प होतं. कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं वशिला. खरं तर त्यातले कितीतरी नकार दुरुस्त होण्यासारखे असतात. फक्त ते दोन-तीन दिवसांत आणि लेखी करावं लागतं. फोनवर विचारपूस करण्यात आणि ओळखीचा माणूस शोधण्यात आठवडा गेला की हक्काची जागाही हातची जाते. म्हणून हा लेख जितका सविस्तर लिहिता येईल तितका लिहिते आहे. भर महाराष्ट्रातल्या सीईटीच्या केंद्रीभूत प्रवेशांवर, म्हणजे कॅपवर आहे. विद्यापीठांचे स्वतःचे प्रवेश आणि आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थाही ओघात येतील.

आधी नकार कशाचा आहे ते ओळखा

कटऑफ ९४ पर्सेंटाईलला थांबला आणि तुमचे ९१ असतील, तर त्यावर अपील नसतं. पुढची फेरी, दुसरी शाखा, दुसरं गाव हेच मार्ग उरतात. बारावीच्या गुणांवर शंका असेल तर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, पण तो वेगळा रस्ता आहे आणि त्याच्या मुदती वेगळ्या. सीईटीच्या प्रश्नावर आक्षेप घ्यायचा असेल तर उत्तरसूची जाहीर झाल्यावरच्या ठरावीक दिवसांतच, शुल्क भरून. निकालानंतर ते दार बंद असतं.

लढता येतो तो कागदाचा आणि प्रक्रियेचा नकार. म्हणजे दाखला असूनही प्रवर्ग नाकारला, होम युनिव्हर्सिटी (ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातले तुम्ही धरले जाता ते) चुकीची धरली, उमेदवारीचा प्रकार बदलला, शुल्क कापलं गेलं पण पोर्टलवर दिसलं नाही, जागा मिळूनही कॉलेजने प्रवेश दिला नाही, संस्था स्तरावरच्या, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायच्या जागेसाठी तुमच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाला घेतलं. यातलं तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमलं नाही तर अर्जही जमणार नाही. "माझ्यावर अन्याय झाला" यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. "माझं नॉन-क्रिमीलेअर ३१ मार्चपर्यंत वैध असूनही छाननीत अवैध धरलं" यावर करू शकतो.

पहिले काही तास

लॉगिन उघडा आणि जे दिसतंय त्याचे स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. छाननीचा शेरा, अर्जाची स्थिती, गुणवत्ता यादीतलं नाव व क्रमांक, शुल्काची पावती, आलेले मेसेज आणि ईमेल सगळं जपून ठेवा. पोर्टलवरचा शेरा दुसऱ्या दिवशी बदललेला मी पाहिला आहे. आदल्या दिवशीचा पुरावा नव्हता म्हणून त्या मुलीला काहीच दाखवता आलं नाही.

मग त्या वर्षीची माहिती पुस्तिका उतरवून घ्या. गेल्या वर्षीची चालणार नाही, कारण फेऱ्यांची संख्या, जागा गोठवण्याचे नियम, दाखल्यांच्या तारखा दरवर्षी बदलतात. तुमच्या नकाराशी जुळणारा नियम शोधा, त्याचा क्रमांक आणि पान लिहून ठेवा. निम्मी लढाई इथेच होते. मुलांचे वडील मला विचारतात, "वकील लागेल का?" मी म्हणते, आधी पुस्तिकेतला नियम लागेल.

जिथे पाय अडकतो ते दाखले

हा भाग मी मुद्दाम लांबवते आहे. माझ्याकडे आलेल्या दहापैकी सात-आठ प्रकरणांत गाडी इथेच रुतलेली असते.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला: राज्याच्या प्रवेशांत तो ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश आहे त्या वर्षाअखेरच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. तीन वर्षांचा दाखला काढला म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि तो नेमका आधीच्या मार्चमध्ये संपलेला असतो. आयआयटी, एनआयटीच्या जोसा, म्हणजे संयुक्त जागावाटपाच्या प्रवेशांत तर त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा नमुना तिथे चालत नाही.

राज्याचा आणि केंद्राचा प्रवर्ग एकच नसतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या एनटी-सीमध्ये आणि वंजारी एनटी-डीमध्ये येतात. केंद्राच्या यादीत हे दोन्ही समाज ओबीसीत आहेत. एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखला राज्यापुरता आहे, केंद्रीय संस्थांत त्याचा उपयोग नाही. मूल केंद्रीय प्रवेशात 'एनटी'चा रकाना शोधत बसतं, सापडत नाही म्हणून ओपन भरतं, आणि हा नकार त्याने स्वतःच लिहून घेतलेला असतो. अर्जाची मुदत संपण्याआधी लक्षात आलं तर दुरुस्ती होते. नंतर फार अवघड.

नाव: बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळ्या ऱ्हस्व-दीर्घाने. क्रम मागेपुढे असणं ही त्रुटी मुळीच नव्हे. त्यासाठी प्रवेश नाकारला तर दोन्ही कागद शेजारी जोडून तसं स्पष्ट लिहा. अक्षरांचा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. नावच बदललेलं असेल तर राजपत्र लागतं.

उमेदवारीचा प्रकार: दहावी, बारावी आणि डोमिसाईल यांवरून ए, बी, सी असे प्रकार ठरतात. बेळगाव, निपाणी, कारवार भागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा प्रकार आहे. सीमाभागातली कितीतरी मुलं तो न भरता स्वतःला महाराष्ट्राबाहेरचं म्हणून नोंदवतात. होम युनिव्हर्सिटी बहुतेकांच्या बाबतीत तुम्ही बारावी कुठल्या भागातून झालात त्यावरून ठरते, राहता कुठे यावरून नव्हे. लातूरला बारावी केलेल्या सोलापूरच्या मुलाला हे समजावताना माझी दमछाक होते.

आणि व्हॅलिडिटी. जातीचा दाखला असला तरी राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेश द्यायचा आणि मूळ प्रमाणपत्रासाठी पुढे मुदत द्यायची, अशी सवलत काही वर्षी मिळाली आहे. पण ती गृहीत धरू नका. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही की उमेदवार खुल्या गटात जातो आणि खालच्या कटऑफवर मिळालेली जागा सुटते.

व्हॅलिडिटी रखडली असेल तर पडताळणी समितीला लेखी स्मरणपत्र द्या. त्यात प्रवेशाच्या वेळापत्रकाची प्रत जोडा आणि "प्रवेशासाठी तातडीने निर्णय व्हावा" असं नेमकं लिहा. समिती पुरावा मागते तो ठरावीक तारखेच्या आधीचा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. ती बहुधा मोडीत असते, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. पणजोबांच्या नावापुढचा तो एक शब्द सापडला की घरातल्या सगळ्या पोरांचं काम होतं.

सख्ख्या रक्तनात्यात, म्हणजे वडील, काका, आत्या, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला वैधता मिळाली असेल तर ते प्रमाणपत्र वंशावळीसह जोडाच. अपूर्वा निचळे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं आहे की अशा नातेवाइकाची वैधता फसवणुकीने मिळवलेली नसेल तर ती मानली पाहिजे. आदिवासी मुलांच्या बाबतीत चालीरीती, दैवतं यांचे प्रश्न विचारून दावा फेटाळला जायचा. ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. समितीने दावा अवैध ठरवला तर मंत्रालयात किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे खेटे घालू नका. त्या आदेशाला थेट उच्च न्यायालयातच आव्हान देता येतं.

तात्पुरत्या यादीवरची तक्रार

कॅपमध्ये आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, मग हरकतींसाठी मोजके दिवस, बहुधा दोन-तीन, आणि मग अंतिम यादी. हे दोन-तीन दिवस सोन्याचे आहेत. तक्रार उमेदवाराच्या लॉगिनमधूनच करायची असते. कागद पुन्हा अपलोड करा, छाननीची पद्धत प्रत्यक्ष असेल तर सुविधा केंद्रात स्वतः जा, आणि दुरुस्ती झाल्यावर नव्या पावतीची छापील प्रत घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "झालंय, जा तुम्ही" यावर विसंबून परतलेली मुलं अंतिम यादीत जुन्याच प्रवर्गात निघाली आहेत.

अंतिम यादीनंतरही चूक त्यांची असेल तर अर्ज करावाच. पण तेव्हा तुम्हाला विचारलं जातं की हरकतीच्या मुदतीत का आला नाहीत. उत्तर तयार ठेवा, तेही खरं.

अर्ज कसा लिहायचा

एक पान. फार तर दीड. भावनेला जागा आहे, पण शेवटच्या परिच्छेदात. सुरुवातीला तारखा आणि कागद. हा एक नमुना, आपल्या तपशिलाप्रमाणे बदला:

प्रति,
मा. आयुक्त व सक्षम प्राधिकारी,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: अर्ज क्रमांक अमुक, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वैध असूनही प्रवर्ग नाकारल्याबाबत

महोदय/महोदया,

मी अमुक अभ्यासक्रमासाठी इतर मागास प्रवर्गातून अर्ज केला आहे. दि. अमुक रोजी छाननीत "नॉन-क्रिमीलेअर अवैध" असा शेरा देऊन माझा खुल्या प्रवर्गात समावेश केला आहे (जोडपत्र १).

माझे प्रमाणपत्र दि. अमुक रोजी निर्गमित झाले असून ते ३१ मार्च अमुकपर्यंत वैध आहे (जोडपत्र २). माहिती पुस्तिकेतील नियम क्रमांक अमुक, पान अमुक यानुसार ही वैधता पुरेशी आहे (जोडपत्र ३). प्रमाणपत्र मी मुदतीत, दि. अमुक रोजी अपलोड केले आहे (जोडपत्र ४).

तरी माझा प्रवर्ग दुरुस्त करून पुढील फेरीच्या जागावाटपापूर्वी सुधारित गुणवत्ता क्रमांक देण्यात यावा. निर्णय होईपर्यंत माझा हक्क अबाधित ठेवावा. दावा अमान्य असल्यास कारणांसह लेखी आदेश द्यावा, ही विनंती.

आपला/आपली विश्वासू

शेवटची दोन वाक्यं कधीही गाळू नका. कारणांसह लेखी आदेश मिळाला तर पुढच्या दारात दाखवायला काहीतरी असतं. आणि त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही, तर तुम्ही मागितलं होतं हे तरी सिद्ध होतं.

अर्ज तीन मार्गांनी जाऊ द्या: पोर्टलवर, ईमेलने, आणि प्रत्यक्ष आवक-जावक खिडकीत दोन प्रती नेऊन. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही अशी पोच घ्या. कर्मचारी पोच द्यायला टाळाटाळ करत असेल तर शांतपणे जवळच्या टपाल कार्यालयात जा, स्पीड पोस्ट करा आणि पावती अर्जाला टाचा. भांडू नका. त्या खिडकीत तुम्हाला पुन्हा जायचं आहे.

हातातली जागा सोडू नका

तक्रार चालू आहे म्हणून मिळालेली दुसरी जागा नाकारणं ही माझ्या मते सगळ्यांत महागडी चूक. नियमात बसत असेल तर ती जागा स्वीकारा, शुल्क भरा, आणि "माझ्या तक्रारीच्या निर्णयाच्या अधीन राहून प्रवेश घेत आहे" असं लेखी देऊन ठेवा. जागा घेतल्याने पुढच्या फेरीतला हक्क जातो का, हे त्याच दिवशी पुस्तिकेत तपासा. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात, हे लक्षात ठेवा. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला कॉलेजांना परवानगी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच तसं बजावलं आहे. ती तपासून परत द्यायची असतात.

कॉलेज आणि विद्यापीठाच्या पातळीवर

नकार कॉलेजने किंवा विद्यापीठाने दिला असेल, उदाहरणार्थ एमए, एमएस्सी, पीएचडीचा त्यांचा स्वतःचा प्रवेश, तर रस्ता वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे विनियम इथे उपयोगी पडतात. त्यात विद्यार्थी या शब्दात प्रवेश घेऊ इच्छिणाराही येतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. जाहीर धोरणाविरुद्ध प्रवेश देणं, धोरणात बसत असूनही प्रवेश नाकारणं, प्रक्रियेतली अनियमितता, कागदपत्रं अडवणं हे सगळं तक्रारीचे विषय आहेत.

प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. तिने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात आणि त्यांनी ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. समिती किंवा लोकपालच नेमलेला नसेल तर आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तीच गोष्ट तक्रार म्हणून नोंदवा.

हे सगळे दिवस मोजले तर दोन महिने होतात, आणि तोवर पहिलं सत्र अर्धं उरकतं. म्हणून समितीकडे तक्रार देतानाच "निर्णयापर्यंत एक जागा रिक्त ठेवावी" ही मागणी करा.

पीएचडीच्या मुलाखतीतल्या गुणांवर अपील टिकणं कठीण असतं. तज्ज्ञांच्या मूल्यमापनात सहसा कुणी हात घालत नाही. पण गुणांची विभागणी आधी जाहीर केली नव्हती, आरक्षणाच्या जागाच दाखवल्या नव्हत्या, समितीत उमेदवाराचा नातेवाईक होता, असं काही असेल तर तो प्रक्रियेचा मुद्दा आहे. तो मांडा.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांसाठी राज्याचा २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली प्रवेश नियामक प्राधिकरण काम करतं. संस्था स्तरावरच्या जागाही गुणवत्तेनेच भरायच्या असतात. तुम्ही अर्ज केला, गुण जास्त, आणि जागा दुसऱ्याला गेली, तर या प्राधिकरणाकडे तक्रार करा. त्यासाठी अर्ज स्वीकारल्याची पोच लागते. कॉलेज अर्जच घेत नसेल तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टने पाठवा. पावतीशिवाय पैसे मागितले तर देऊ नका. देणगीवर प्रवेश देणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. "एका जागेचं बघतो" म्हणणारा एजंट दरवर्षी गावात येतो. त्याने एका बापाची विहिरीसाठी ठेवलेली रक्कम नेली, प्रवेश मिळालाच नाही, आणि पावती नाही म्हणून तक्रारही करता आली नाही.

माहिती अधिकाराचं काय? दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. त्याच हंगामातला प्रवेश वाचवायला हे संथ आहे. तरी अर्ज टाकून ठेवावा: तुमच्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कोणत्या गुणाला झाला, किती जागा रिक्त राहिल्या, तुमच्या अर्जावर कोणी काय शेरा मारला. प्रकरण न्यायालयात गेलं तर ही उत्तरं कामाला येतात.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांनी राष्ट्रीय आयोगाकडे, दिव्यांग मुलांनी दिव्यांग आयुक्तांकडे समांतर तक्रार करावी. त्यांनी संस्थेकडून खुलासा मागवला तरी फाईल हलते.

उच्च न्यायालय

लेखी अर्ज करूनही दखल नाही आणि पुढची फेरी तोंडावर आली, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाची पीठं आहेत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. तिथे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची प्रकरणं जातात. सावंतवाडीच्या पालकाला आता मुंबई गाठावी लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे.

वकिलाकडे जाताना फाईल तारखेनुसार लावून न्या. त्यांना सांगा की प्रवेशाचं प्रकरण आहे, सर्क्युलेशन (प्रकरण लवकर बोर्डावर घेण्याची परवानगी) घेऊन तातडीने सुनावणी हवी, आणि पहिल्याच दिवशी जागा रिक्त ठेवण्याचा अंतरिम आदेश मागायचा आहे. शासन, सीईटी कक्ष आणि कॉलेज या सगळ्यांना प्रतिवादी करा. तुमच्या विजयाने ज्याची जागा जाऊ शकते अशा उमेदवारालाही पक्षकार करावं लागतं, नाहीतर त्या मुद्द्यावरच याचिका अडते.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. म्हणजे याचिका मुलीची असेल तर ती पात्रच आहे. हेल्पलाईन १५१००. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समितीचं कार्यालय असतं.

न्यायालय काय बघतं ते कृष्णा श्रद्धा प्रकरणातून कळतं. डिसेंबर २०१९ च्या या निकालात एमबीबीएस प्रवेशाबद्दल सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमेदवाराची चूक नसेल, तो विनाविलंब न्यायालयात आला असेल आणि नियम मोडून त्याला डावललेलं असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत मुदत संपल्यावरही महिन्याभरात त्याच वर्षी प्रवेश देता येतो, गरज पडल्यास जागा वाढवून. यातला 'विनाविलंब' हा शब्द अधोरेखित करा.

२०२१ मध्ये प्रिन्स जयबीर सिंग या मुलाला आयआयटी मुंबईत सिव्हिलची जागा मिळाली होती. शुल्क भरताना कार्ड चाललं नाही. तो आयआयटी खडगपूरला स्वतः जाऊन आला, तरी काम झालं नाही. मुंबई उच्च न्यायालयात याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये ४८ तासांत जागा द्यायला सांगितली. तीन वर्षांनी मुझफ्फरनगरच्या मजुराचा मुलगा अतुल कुमार आयआयटी धनबादच्या १७,५०० रुपयांसाठी धावला. वडिलांनी गावातून पैसे गोळा करेपर्यंत २४ जूनची संध्याकाळी पाचची वेळ उलटली. तो अनुसूचित जाती आयोग, झारखंडचं विधी सेवा प्राधिकरण, मद्रास उच्च न्यायालय असं एकेक दार ठोठावत गेला. ३० सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून त्याच्यासाठी जादा जागा निर्माण करायला लावली. दोघांनीही थांबायचं नाकारलं, आणि प्रत्येक पावलाचा कागद त्यांच्याकडे होता.

आपल्या महाराष्ट्रातलं ओंकार गोंड प्रकरण दिव्यांग मुलांच्या पालकांनी जरूर माहीत करून घ्यावं. वाणीचं सुमारे ४४-४५ टक्के अपंगत्व. आरक्षणाला किमान ४० टक्के लागतं, आणि वाणीदोषात ४० किंवा त्याहून जास्त भरलं की जुन्या नियमाने एमबीबीएसला अपात्र. सर्वोच्च न्यायालयाने वेगळं वैद्यकीय मंडळ नेमून तपासणी करवली, प्रवेश दिला, आणि १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सांगितलं की केवळ टक्केवारीवरून कुणाला बाद करता येणार नाही. तो अभ्यासक्रम करू शकतो की नाही याचं मूल्यमापन मंडळाने कारणांसह करायचं. तुमच्या मुलाच्या अहवालावर नुसता "अपात्र" असा शिक्का असेल, तर कारणं लेखी मागा.

आदेश हातात आल्यावर

आदेश मिळाला म्हणजे प्रवेश झाला असं समजून घरी जाऊ नका. न्यायालयाच्या संकेतस्थळावरची प्रत त्याच दिवशी उतरवा, प्रमाणित प्रतीचा अर्ज टाका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात स्वतः हजर व्हा. सोबत मूळ कागदपत्रं, दोन संच झेरॉक्स, फोटो आणि शुल्काचा डीडी. आदेशात किती दिवसांत प्रवेश घ्यायचा ते लिहिलेलं असतं. ती मुदत तुमच्यावरही बंधनकारक आहे. शुल्काची पावती घ्या, प्रवेश पोर्टलवर चढवलाय का ते कॉलेजच्या प्रवेश विभागात बसून पाहा आणि त्या नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या. प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे जाणाऱ्या यादीत नाव आहे याची आठवड्याभराने पुन्हा खात्री करा. नाव तिथे पोहोचलं नसेल तर वर्षाच्या शेवटी परीक्षेच्या अर्जापाशी सगळं पुन्हा अडतं.